पेत्राचा पाय

बसथांब्यासमोरच्या भिंतीवर एक माणूस शिडी लावून मोठं पोस्टर चिकटवत होता. कागदाचे पट्टे तो खालून वर चढवत होता, म्हणजे पाऊस आला तर पाणी वरच्यावर ओघळेल, सांध्यात शिरणार नाही. त्यामुळे तिला आधी नुसतं गंगाळ दिसलं. मग गंगाळातलं पाणी, मग पाण्याकडे झुकलेली पायाची बोटं, आणि मग टाचेखाली धरलेला हात. हात पाहिला मात्र, तिचा डावा खांदा आपोआप कानापर्यंत वर आला आणि मान आत गेली. पन्नाशी उलटलेली बाई, हातात भाजीची पिशवी, आजूबाजूला बसची वाट बघणारी माणसं, आणि ती अशी अंग चोरून उभी, जसं कुणी तिच्यावर हात उगारलाय. चेहऱ्याचा पट्टा अजून खळीच्या बादलीशेजारी गुंडाळून पडला होता. पण हात ओळखायला चेहरा कशाला लागतो? त्या हाताची नखं चौकोनी होती आणि अंगठ्याच्या बुडाशी काचेनं कापल्याची पांढरी रेघ होती. शिडीवरच्या माणसानं शेवटचा पट्टा उलगडला, खळीचा ब्रश त्यावरून सपासप फिरवला, कपाळाखाली आलेला एक फुगा तळव्यानं दाबून बाहेर काढला, आणि तिचा बाप दुमजली घराएवढा होऊन रस्त्याकडे बघू लागला. गुडघ्यांवर बसलेला, मान वर केलेली, डोळ्यांत ती जगप्रसिद्ध नसलेली पण त्यांच्या गावाला पुरून उरलेली करुणा. खाली अक्षरं होती: लहान गावांच्या वेद्यांवरून आणलेली चित्रं, साफसफाईनंतर प्रथमच. बस आली. तिनं ती जाऊ दिली. मग दुसरीही जाऊ दिली.

चर्चमधली चित्रं आणि मूर्ती हा तिचा पोटापाण्याचा विषय होता, हीच तर गंमत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती वर्षानुवर्षं एक सदर लिहीत आली होती. कुठल्या तरी गावाला जायचं, तिथलं जुनं चर्च बघायचं, कुणी बांधलं, कुणी जाळलं, कुणी पुन्हा उभं केलं ते विचारायचं, वेदीमागचं चित्र डोळे भरून पाहायचं आणि घरी येऊन लिहायचं. तिचे वाचक म्हणजे बहुतेक गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या. 'तुमच्या पायांनी आम्ही फिरतो' असं त्यांतली एखादी भेटल्यावर म्हणायची. एवढं लिहिलं, पण आपल्या गावच्या चित्राबद्दल तिनं कधी एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "अहो, ते पाय धुण्याचं चित्र तुमच्याच गावचं ना? आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प? मुखपृष्ठावर घेऊ. तुम्ही अगदी घरचं काहीतरी लिहा." घरचं, हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. "बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आतल्या खोलीत आई खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती.

तिचा बाप काचा बसवायचा. गावातल्या एकूण एक खिडकीला त्याचा हात लागलेला. काच त्याच्या हातून कधी फुटली नाही असं लोक सांगायचे, आणि ते खरं होतं. चित्रकार गावात आला तेव्हा बाप चर्चच्या उंच खिडकीत नवी काच बसवत होता, ऊन तोंडावर आलं होतं, आणि चित्रकार खालून ओरडला होता, "हलू नकोस!" कुणाचं ऐकून घेणारा नव्हता तो, पण त्या दिवशी हलला नाही. ही गोष्ट गावात पोराटोरांना पाठ होती. तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाच्या तोंडाच्या येशूचं चित्र वेदीमागे चढलं आणि पाठोपाठ तिचा जन्म झाला. 'आधी येशू आला, मग ही आली,' असं लोक म्हणायचे, आणि शाळेत तिचं नावच पडलं, येशूची पोर. "काय गं, तुमच्या घरी पाण्याचा द्राक्षारस होतो का?" असं विचारून पोरी खिदळायच्या. तीही हसायची. घरी काय व्हायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. घरी बाप आधी खिडक्या लावून घ्यायचा. त्यांच्या घराच्या खिडक्या गावात सगळ्यांत घट्ट होत्या, बाहेरचा वारा आत येत नसे आणि आतला आवाज बाहेर जात नसे. मग तो मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा, पट्टा नीट सरळ करून. तो पीत नव्हता. प्याला असता तर निदान दारूला दोष देता आला असता. आईच्या तोंडावर त्यानं कधी मारलं नाही, कारण तोंड लोकांना दिसतं. सगळं झाल्यावर पुन्हा घड्याळ चढवायचा आणि कुणाच्या तरी तुटलेल्या तावदानाला काच पक्की करणारी लांबी भरायला निघून जायचा. दर रविवारी ती त्याच्याच शेजारी बाकावर बसून वर त्याच्याच तोंडाकडे बघायची. खाली तो, वर तो. खालच्याच्या अंगाला लांबीतल्या जवसाच्या तेलाचा वास यायचा. पुढे मोठेपणी ती चित्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या खोल्यांतून हिंडू लागली तेव्हा तिथेही तोच वास, कारण रंगही त्याच तेलात कालवतात. दाराशीच तिचे पाय जड व्हायचे. लोकांना वाटायचं, बाई भाविक आहे, पवित्र वस्तूंपाशी थबकते.

ती इतकी का फिरली, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं इतिहास, कला, श्रद्धा असे शब्द पुढे केले असते. खरं कारण साधं होतं. तिला असा एक येशू हवा होता ज्याचं तोंड तिच्या बापासारखं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण चेहऱ्यांचं एक बघा, एकदा एखादा डोळ्यांत बसला की तो दुसऱ्याच्या कातडीखालूनही वर येतो. डोंगरातल्या एका मठात भिंतीवर काळ्या दाढीचा, रागीट, मोठ्या डोळ्यांचा प्रभू होता. ती म्हणाली, हा नव्हे. आणि मग दिवा हलला, गालाचं हाड उजळलं, आणि तो तोच होता. एका बंदराच्या गावात लहान मुलासारखा गुबगुबीत येशू होता, तिथेही ओठांचा कोपरा तोच. प्रार्थनेत 'पिता' हा शब्द आला की ती तो गिळून पुढच्या शब्दावर जायची, जसं आपण मोडकी पायरी ओलांडतो. एकदाच, समुद्रापलीकडच्या एका बेटावर, वादळानंतर वाहून आलेला लाकडी ख्रिस्त तिनं पाहिला होता. मिठाच्या पाण्यानं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याचं तोंड पार झिजलं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता एक गुळगुळीत उंचवटा. त्याच्यासमोर मात्र ती ढसाढसा रडली होती आणि सबंध प्रार्थना एकही शब्द न गाळता म्हणाली होती. त्यावर तिनं लिहिलेला लेख वाचकांना फार आवडला नाही. 'तोंड नसलेला देव बरा नाही वाटत,' असं एका आजींनी कळवलं होतं.

आणि सगळ्यांत मोठी शिक्षा म्हणजे ती स्वतः. गावात म्हणायचेच, पोरगी अगदी बापावर गेलीय. कपाळ तेच, भुवया त्याच. वय वाढलं तसं गाल ओसरले आणि हाडं वर आली, तेव्हा तर सकाळी तोंड धुताना आरशातून तो वाकून बघायचा. बाप आजारपणात गेला. त्याची शवपेटी वेदीपुढे, बरोबर चित्राखाली ठेवली होती. लोक आत येत, आधी खाली बघत, मग वर बघत, आणि मग त्यांचा बांध फुटे. गावानं त्या दिवशी एका काचवाल्याला नव्हे, प्रभूलाच पुरलं. तिचा धाकटा भाऊ परदेशातून आलाच नाही. ती भिंतीशी उभी होती. धर्मगुरू जवळ येऊन म्हणाले, "बाळ, तुझ्या वडिलांना तर मरण आलंच नाही. ते बघ." तिनं बघितलं नाही. त्यानंतर आई गावातच राहिली, आणि रोज दुपारी चर्च रिकामं असताना त्या चित्रासमोर जाऊन बसू लागली. लेकीला हे समजेना. समजेना म्हणण्यापेक्षा सहन होईना. ज्यानं आयुष्यभर ठोकलं त्याच्या तोंडापुढे हात जोडून बसायचं? चिडून एकदा ती बोलून गेली होती, "तुला दुसरा देव मिळत नाही का?" आई म्हणाली होती, "मला तिथे बरं वाटतं." विषय संपला. ये माझ्याकडे राहायला, असं लेक दर भेटीत विनवायची, पण आई हलत नव्हती. गेल्या हिवाळ्यात चित्र साफ करायला शहरात आणलं, गावची भिंत रिकामी झाली, आणि आई पिशवी भरून म्हणाली, "चल." लेकीला वाटलं, म्हणजे चेहऱ्यामागेच आली ही इथवर.

प्रदर्शन उघडण्याआधी लिहिणाऱ्यांना बघू देतात, तसं तिलाही बोलावणं आलं. वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला साफसफाईची लांबलचक खोली होती, उत्तरेकडून येणारा शांत उजेड, टेबलांवर कापसाचे बोळे, बाटल्या. वास होताच. चित्रं दुरुस्त करणारा हा तिच्या जुन्या ओळखीचा, बारकासा, बडबड्या माणूस, भिंगाचा चष्मा कायम कपाळावर चढवलेला. "या ताई, या! तुमच्या येशूनं आम्हाला चांगलंच दमवलं," तो म्हणाला. चित्र भिंतीला टेकवून उभं होतं, तिच्या उंचीला, म्हणजे लहानपणासारखं वर नव्हतं. बापाचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर होते. तिनं नजर खाली नेली, सवयीनं, हातावर. हातावरून पायावर. आणि तिथे काहीतरी चुकलं होतं. तिला तो पाय ठाऊक होता, पेत्राचा पाय, येशूच्या त्या मासे धरणाऱ्या शिष्याचा, जाड, पिंडरीवर दाट केस असलेला. लहानपणी प्रवचन लांबलं की ती ते केस मोजायची. तो पाय तिथे नव्हता. बापाच्या तळव्यावर एक गोरा, सुजरा, बिनकेसाचा पाय टेकला होता.

"दिसलं ना?" दुरुस्तीवाला खूश झाला. "मलाही आधी कळेना. वरचा सगळा रंग नंतर कुणीतरी चढवलेला होता, दुसऱ्याच हाताचा, अगदी स्वस्तातला. तो पुसला आणि खालून हा निघाला. रस्त्यावरच्या पोस्टरवर अजून जुनाच पाय आहे, ते आधी छापलं होतं."

"हा बाईचा पाय आहे," ती म्हणाली.

"बाईचा तर आहेच. घोटा बघा ना ताई. कातडी कशी ताणलीय, चकाकतेय. मी दोन पोरांचा बाप आहे, हा पाय मी आमच्या घरी चेपलाय. दिवस भरत आलेल्या बाईचा पाय आहे हा." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "पेत्रासाठी असली बाई कशी बसवली असेल, देव जाणे. चित्रकार लोक म्हणजे एकेक अवली. कुणी असेल बिचारी."

घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात ती 'कुणी बिचारी' फिरत राहिली. कुठली तरी बाई, गावातली किंवा बाहेरची, जिचा पाय बापानं असा धरला होता. असा म्हणजे कसा, ते तिनं आज प्रथमच जवळून पाहिलं होतं. टाचेखाली पूर्ण तळवा, बोटं सैल, अंगठा घोट्याच्या सुजेवर इतका हलका ठेवलेला की जणू तिथे कातडी नसून ओल्या लांबीतली नवी काच आहे. आईच्या अंगावर त्याचा असा हात पडलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे हे सुद्धा होतं तर. बाहेर कुणासाठी तरी हे राखून ठेवलेलं होतं. आणि आई त्याच्यापुढे रोज दुपारी बसत होती! तिला आईची कीव आली, मग राग आला, मग हे आईला कधीच कळता कामा नये असं तिनं ठरवलं. किल्ली लावून ती आत आली. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती, सुजलेले गुडघे लांब करून, पाय स्टुलावर. उजेड सरळ पायावर पडला होता. सुरकुतलेला, शिरा वर आलेला म्हातारा पाय. पण अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ज्या बाईचं ते बोट लांब ती नवऱ्याला मुठीत ठेवते म्हणतात. आईच्या मैत्रिणी त्यावरून तिची थट्टा करायच्या आणि आई हसून पदर तोंडाला लावायची. चित्रातल्या पायाचंही तेच बोट लांब होतं, तिनं आत्ताच पाहिलं होतं. लेक दाराशी तशीच उभी राहिली, पिशवी खांद्यावरून न काढता.

"चित्र बघून आलीस?" आईनं मान वर न करता विचारलं. "धुतलं का नीट?"

"धुतलं. पायावरचे केस गेले."

शेंग सोलणारी बोटं थांबली. "गेले?"

"हो. खाली दुसराच पाय निघाला."

"दुसरा कुठला गं," आई म्हणाली. "तोच पहिला."

तिनं पुढची शेंग उचलली. आई सांगायला लागली तेव्हा तिच्या आवाजात काही लपवल्याची लाज नव्हती, उलट एखादी वस्तू नीट जपून ठेवली होती आणि आता मागितल्यावर काढून देतोय, असा तो आवाज होता. "ज्याचा पाय धरायचा असं कुणीतरी चित्रकाराला हवं होतं. दोघा-तिघा गड्यांना बसवून बघितलं, पण तुझे बाबा त्यांच्याकडे बघून हसायचे. कसला येशू आणि कसलं काय. मग तो म्हणाला, बायकोला आण. धान्याच्या कोठारावर माडीत राहायचा तो. मी वर चढायची म्हणजे धाप लागायची, पोटात तू. कोमट पाणी लागायचं, ते मीच घरून किटलीतून न्यायची. म्हणजे बघ, माझेच पाय धुवायला मीच पाणी वाहायचं." ती हसली. "मी खुर्चीत बसायची. ते खाली. पहिल्या दिवशी त्यांनी चेष्टा केली, भोपळ्यासारखे झालेत म्हणाले. मग चित्रकार म्हणाला, चेष्टा पुरे, आता तिच्याकडे बघ. नीट बघ. आणि त्यांनी बघितलं."

"आणि?"

"आणि काय. बघत राहिले. रोज. पाणी गार झालंय का ते आधी आपल्या मनगटावर घेऊन बघायचे. पाय पुसताना बोटांमधली जागासुद्धा पुसायचे. जिना उतरताना कोपर धरायचे. त्या सगळ्या दिवसांत हात उचलला नाही त्यांनी. मला वाटलं, फिटलं माझं. देवानं ऐकलं."

"मग?"

"मग चित्र झालं. वेदीवर चढलं, घंटा वाजल्या, लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. घरी आलो. मी रस्सा आधीच गरम करून ठेवायला हवा होता, ते राहिलं. त्यांनी उठून खिडक्या लावल्या."

लेक खाली जमिनीवर बसली. मारहाणीबद्दल त्या दोघींत आजवर कधी शब्दानं बोलणं झालं नव्हतं. आई अजूनही त्याला 'ते' म्हणत होती, 'ह्यांना' म्हणत होती, आणि त्या आदरार्थी शब्दांखाली सगळं कसं व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. "तू मला सांगितलं का नाहीस?" लेकीनं विचारलं. "चित्रकारानं शपथ घातली होती," आई म्हणाली. "पेत्राचा पाय गरोदर बाईचा, हे कळतं तर चर्चनं चित्र उचलून बाहेर टाकलं असतं. पुढे गावातल्या शहाण्यांना तो पाय बायकी वाटायला लागला. कुणाला तरी आणून त्यावर केस काढून घेतले. तेव्हा रडले मी. तुझे बाबा वारले तेव्हा नाही इतकी रडले."

"म्हणजे तू रोज जाऊन बसायचीस ती..."

"त्यांच्या तोंडाकडे कशाला बघू? ते घरी होतंच की. मी माझ्या पायाकडे बघायची. रंगाखाली आहे, ठाऊक होतं ना मला." तिनं रिकामी शेंग बाजूला टाकली. "एक गोष्ट मला त्या माडीत कळली बघ. तोवर मी म्हणायची, असतो एखाद्याचा हात जड. स्वभाव. त्याला तरी काय करता येणार? पण तिथे मी बघितलं. त्यांना येत होतं. सगळं येत होतं. कसं धरायचं, कसं बघायचं, कुणी शिकवावं लागलं नाही. येत असून घरी केलं नाही. मारल्याचं एवढं नाही गं. येत होतं, त्याचं आहे."

इतकी वर्षं तिला एकच आधार होता, की चित्र खोटं आहे. चित्रकारानं एका देखण्या, दुष्ट माणसाच्या तोंडावर आपल्या मनातली करुणा लिंपली आणि गावाला फसवलं, असं ती स्वतःला सांगत आली होती. कला अशी फसवते, असं तिनं कितीदा लिहिलंही होतं. आता ते चित्र खरं निघालं होतं, आणि खोट्या चित्रापेक्षा खरं चित्र कितीतरी भयंकर होतं. त्या डोळ्यांनी खरोखर कुणाकडे तरी तसं पाहिलं होतं, आणि तेच डोळे नंतर टेबलावरच्या घड्याळाचा पट्टा सरळ आहे ना, हे पाहत होते. हे दोन्ही एका कवटीत मावत होतं. तिला वाटलं, याला एक वाट आहे, एकच. ती चाचरत म्हणाली, "आई, ती नजर त्यांची नसेल. तेवढ्यापुरतं त्यांच्या डोळ्यांतून प्रभूनंच तुझ्याकडे पाहिलं असेल." तिच्या वाचक बायकांना हे वाक्य फार आवडलं असतं.

आईनं मान हलवली. "नको. देवाचं देवाला द्यायला माझी ना नाही. पण नजर त्याची म्हटली की मग हातही त्याचाच म्हणावा लागेल. माझा देव मारत नाही. नजर तुझ्या बाबांची होती. हातही त्यांचाच."

"मग तू त्यांना माफ केलंस का?"

"रोज सकाळी करते," आई म्हणाली. "कधी कधी दुपारपर्यंत टिकतं."

पुढचे काही दिवस लेक लिहायला बसली आणि उठली. अंघोळ करताना, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना ते गंगाळ तिच्यासमोर यायचं. एका रात्रीच्या जेवणाआधी गुरू उठतो, कमरेला पंचा बांधतो आणि बाराही जणांचे पाय धुतो, जो पळून जाणार त्याचे, जो ओळख नाकारणार त्याचे, जो विकणार त्याचेही. ही कथा तिनं शेकडो भिंतींवर पाहिली होती आणि दर वेळी धुणाऱ्याकडेच पाहिलं होतं. धुवून घेणाऱ्याला काय वाटलं असेल? पाय पुसून झाल्यावर, पंचा सुटल्यावर, जिना उतरून अंधारात गेल्यावर त्या पायांना काय आठवत राहिलं असेल? तिला पहिल्यांदाच कळलं की आपण बापाच्या तोंडापासून पळता पळता आईकडे कधी पाहिलंच नाही. आणि त्या पायाच्या सुजेत आपणही होतो. आपलंच वजन होतं ते. बाप जेव्हा तो पाय तळव्यावर तोलत होता तेव्हा आपल्यालाही तोलत होता, इतक्या हलक्या हातानं. हे कळून बरं वाटेना, वाईटही वाटेना. अंगावर नुसता काटा यायचा आणि जाता जायचा नाही.

प्रदर्शन उघडल्यावर एका सकाळी ती आईला घेऊन गेली. आईनं ठेवणीतला कोट घातला होता आणि केस ओल्या हातानं चापून बसवले होते, जसं कुणाला तरी भेटायला जायचंय. दालनात बऱ्यापैकी गर्दी होती. त्या चित्रासमोर लोक जास्तच रेंगाळत होते, आवाज आपोआप खाली येत होते, एका बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. चित्राच्या पुढ्यात जाड लाल दोरी बांधली होती. आई काठी टेकत गर्दीतून थेट पुढे गेली आणि दोरीवरून वाकली. कोपऱ्यात बसलेली पहारेकरी बाई लगबगीनं आली.

"आजी, दोरीच्या अलीकडे. हात नाही लावायचा."

"हात नाही लावत. दिसत नाही म्हणून वाकले."

"सगळ्यांना इथूनच बघावं लागतं, आजी."

"अहो, पण माझा पाय आहे तो," आई म्हणाली.

दोघं-तिघं हसली. वाईट हसू नव्हतं ते. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. पहारेकरी बाईनं लेकीकडे सहानुभूतीनं पाहिलं, म्हणजे, आवरा यांना. लेकीचा खांदा वर यायला लागला. तिला तो जाणवला आणि तिनं तो खाली आणला. "खरं सांगतेय ती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "तो तिचाच पाय आहे. आणि हे माझे वडील." आता सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कपाळ, भुवया. कुणाला काही पटवायची गरज उरली नाही. हातात टोपी धरलेले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काय भाग्य तुमचं," ते आईला म्हणाले. "असं प्रेम करणारा माणूस ज्या घरात..."

"मारायचे ते तिला," लेक म्हणाली. "नेहमी."

त्या गृहस्थांनी टोपीची कड बोटांत फिरवली, एकदा वर चित्राकडे बघितलं, आणि त्यांना मान फिरवता येईना, तशीच ठेवताही येईना. क्रूसाची खूण केलेली बाई एकदम वळून बाहेर गेली. तिच्या टाचांचा आवाज फरशीवर लांबपर्यंत येत राहिला. लेकीला वाटलं, आता आई रागावेल. बाप गेल्यावरही त्याच्याबद्दल बोलताना आई शब्द निवडून घ्यायची. पण आईनं मागे वळून पाहिलंच नाही. ती नुसती थोडी ताठ उभी राहिली, जसं पाठीवरचं ओझं कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून घेतलंय आणि आता ते कुठे ठेवायचं ते त्यानं बघावं. मग पहारेकरी बाईनं खाली वाकून दोरीचा आकडा काढला आणि दोरी बाजूला धरली.

आई आत गेली. इतक्या जवळ की तिचा श्वास रंगाला लागत असेल. तिनं वर पाहिलं नाही. वर ते तोंड होतं, उंचावलेलं, पाण्यासारखे डोळे लावून बसलेलं, आणि आई त्याच्या नजरेच्या बरोबर वाटेत उभी होती, पण तिनं वर पाहिलं नाही. चष्मा पुसून तिनं पुन्हा घातला. ताणलेल्या कातडीकडे, घोट्याकडे, त्या लांब बोटाकडे, नखावरच्या कोवळ्या गुलाबी रंगाकडे ती एकेक करून बघत राहिली. लेक जवळ गेली, तिनं आईचं कोपर धरलं.

"केवढी लहान होते गं मी," आई म्हणाली.